राज्यसभा, सकाळी अकरा

लोकसभा पाच वर्षांनी संपते. राष्ट्रपती ती विसर्जित करतात, तिथं अडकून पडलेली विधेयकं तिच्यासोबतच जातात आणि निवडणुकीनंतर नव्या क्रमांकाची नवी लोकसभा उभी राहते. राज्यसभेचं तसं नाही. १३ मे १९५२ रोजी ती पहिल्यांदा भरली, ती आजतागायत तीच आहे. तिला विसर्जित करण्याचा अधिकार राज्यघटनेनं कुणालाच दिलेला नाही. तिची अधिवेशनंही त्या पहिल्या दिवसापासून सलग मोजली जातात. २०१९ च्या हिवाळ्यात भरलेलं अधिवेशन २५० वं होतं.

माणसं मात्र बदलत राहतात. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यांच्या जागी नवे येतात आणि बाकीचे आपल्या बाकांवर बसलेलेच असतात. १९५२ साली सगळे एकदमच आले होते. सगळ्यांना सहा-सहा वर्षं दिली असती तर हे चक्र कधी फिरलंच नसतं. म्हणून कोण दोन वर्षांनी जाणार, कोण चार आणि कोणाला पूर्ण सहा मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं. विरजणासारखं आहे हे: भांड्यात कालचं उरलेलं असतं म्हणून आजचं लागतं.

असं कधीच न संपणारं हे सभागृह, पण त्याचा दिवस मिनिटामिनिटांत वाटलेला. तीन मिनिटं, पाच मिनिटं, एक तास, अडीचशे शब्द. संसद टीव्हीवर एखाद्या दिवसाचं कामकाज सकाळपासून पाहावं आणि मग त्याच दिवसाचं शब्दशः इतिवृत्त वाचावं, म्हणजे या दोन काळांची सांगड कशी घातली आहे ते दिसायला लागतं. बातम्यांमधून आपल्यापर्यंत येतात ते गोंधळ, सभात्याग आणि एखादा शेर. त्यामागं निमूटपणे चालणारी यंत्रणा मला त्याहून कितीतरी नवलाची वाटते.

अकराच्या ठोक्याला मार्शल सभापती येत असल्याची हाळी देतात. सगळे उभे राहतात, नमस्कार होतात, कामकाज सुरू. सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. रोज हे सभागृह चालवणारी व्यक्ती त्याची सदस्य नसते आणि तिला एरवी मतही नसतं. दोन्ही बाजूंना समसमान मतं पडली तरच सभापतींनी आपलं निर्णायक मत द्यायचं. उपसभापती मात्र सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. महाराष्ट्रातून गेलेल्या दोघींनी ते पद सांभाळलं आहे: १९८६ ते १९८८ प्रतिभा पाटील आणि त्यांच्यानंतर २००४ पर्यंत नजमा हेपतुल्ला.

पहिली काही मिनिटं फार रुक्ष वाटतात. मंत्री एकामागोमाग उठतात आणि अमुक कागदपत्र सभागृहाच्या पटलावर ठेवतो, असं सांगून बसतात. सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, विद्यापीठांचे हिशेब, महालेखापरीक्षकांचे अहवाल, राजपत्रातल्या अधिसूचना. कुणी मान वर करून बघत नाही. पण त्या गठ्ठ्यात काय असतं? संसद कायदा करते तो मोठ्या रेषांचा. त्याखालचे बारीक नियम मंत्रालय करतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय छापायचं, कुठल्या परवान्याला किती शुल्क, हे सगळं त्या नियमांत असतं. मंत्रालयानं केलेला असा प्रत्येक नियम संसदेपुढे ठेवावा लागतो आणि बहुतेक कायद्यांत लिहिलेलं असतं की, तो तिथं एकूण ३० दिवस राहील. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी बदला किंवा रद्द करा म्हटलं तर तो बदलेल किंवा रद्द होईल. आपल्या रोजच्या जगण्यातले किती नियम अशा एका वाक्यावर तिथून पुढे गेले असतील!

त्यानंतर शून्य प्रहर. सभागृहाच्या नियमावलीत याचा उल्लेखच नाही. तो वहिवाटीनं आला आणि रुजला. आदल्या दिवशीच्या एखाद्या घटनेवर, आपल्या भागातल्या एखाद्या अडचणीवर सदस्य बोलू शकतो. सूचना आधी द्यायची, निवड झाली की बोलायचं, आणि वेळ तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की माइक आपोआप बंद होतो. सदस्य हातवारे करत बोलत असतो, ओठ हलत असतात आणि आवाज मात्र येत नाही. बघायला हे कठोर वाटतं. पण सरावलेले सदस्य काय करतात ते नीट पाहावं. पहिल्या दहा सेकंदांत जिल्ह्याचं नाव, पुढच्या वीस सेकंदांत अडचण, मग आकडे, आणि शेवटची तीस सेकंदं मागणीसाठी राखलेली. सव्वादोनशे-अडीचशे जणांच्या सभागृहात एखाद्या लहान राज्याचा एकुलता एक सदस्यही असा आपलं म्हणणं मांडून जातो. गोव्याला राज्यसभेत एकच जागा आहे, महाराष्ट्राला १९. तीन मिनिटं दोघांनाही तेवढीच. आणि एकाचं बोलून झालं की बाकांवरून हात वर होतात, ‘मीही या विषयाशी स्वतःला जोडून घेतो.’ इतिवृत्तात त्या छोट्या भाषणाखाली ती सगळी नावं येतात, कधी कधी भाषणापेक्षा नावंच जास्त. केरळच्या मच्छीमारांच्या प्रश्नाखाली ओडिशाच्या, तमिळनाडूच्या, महाराष्ट्राच्या सदस्यांची नावं दिसली की राज्यांची सभा म्हणजे काय ते कळतं.

ज्याला शून्य प्रहरात बोलायला मिळत नाही त्याच्यासाठी विशेष उल्लेख असतो: अडीचशे शब्दांपर्यंतचा मजकूर.

बारा वाजता प्रश्नोत्तराचा तास. २०१४ पर्यंत राज्यसभेचा दिवस याच तासानं सुरू व्हायचा. पण दिवसाचा पहिला गोंधळ नेमका अकराला होई आणि प्रश्न वाहून जात. म्हणून तेव्हाचे सभापती हमीद अन्सारी यांच्या काळात तो तास बाराला सरकवला गेला.

या तासावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण संसदेच्या दिवसातला सगळ्यात बुद्धिमान भाग हाच आहे असं माझं ठाम मत आहे. दिवसाला १५ तारांकित प्रश्न आणि १६० अतारांकित. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून द्यायचं, अतारांकितचं लेखी. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि आठवड्यातला एकेक वार एकेका गटाला नेमून दिलेला असतो. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी. सूचना येतात उपलब्ध जागांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून सोडत काढतात. प्रश्नात काय असू नये याचीही यादी नियमांत आहे: युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणं नकोत. राग कितीही आलेला असो, तो गाळूनच प्रश्न आत जातो.

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नांचा साचा मराठी वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिलेला असेल: अमुक हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? दिल्लीतला साचाही साधारण असाच. वाचायला कंटाळवाणा, पण त्यातून सुटून जायला वाट नाही. हो म्हटलं तर तपशील द्या, नाही म्हटलं तर कारण द्या. आणि छापील उत्तर ही तर नुसती सुरुवात. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नांची, कारण ते आधी कळवलेले नसतात. मंत्र्याच्या हातात जाडजूड फाइल असते, मागं अधिकाऱ्यांच्या दालनात मंत्रालयाची माणसं कान टवकारून बसलेली असतात आणि त्यांनी खरडलेल्या चिठ्ठ्या पुढे सरकत असतात. एका वाक्याच्या पुरवणी प्रश्नानं मंत्र्याची तयारी किती आहे ते सभागृहाला आणि देशाला त्याच क्षणी दिसतं.

मग मंत्री म्हणतो, ‘मी यात लक्ष घालीन.’ किंवा, ‘माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल.’ किंवा, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ आपण टीव्हीसमोर बसून म्हणतो, झालं, टोलवलं. इथंच गंमत आहे. कुठली वाक्यं उच्चारली की ते आश्वासन धरायचं, याची नमुन्यादाखल यादी केलेली आहे, आणि वरची वाक्यं त्याच जातकुळीतली आहेत. असं वाक्य आलं की ते इतिवृत्तातून वेचून काढलं जातं, नोंदलं जातं आणि संबंधित मंत्रालयाच्या नावावर उधारी म्हणून चढतं. ती फेडायला मुदत तीन महिने. फेडली नाही तर सरकारी आश्वासनांची समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. राज्यसभेत ही समिती १९७२ पासून आहे. मुदतवाढी मागितल्या जातात, काही आश्वासनं वर्षानुवर्षं रेंगाळतात हेही खरं. पण सहज तोंडातून गेलेलं एखादं वाक्य मंत्री बदलला, सरकार बदललं तरी कुणीतरी वहीत धरून ठेवतं, ही मला लोकशाहीतली फार मोलाची गोष्ट वाटते. ज्या सभागृहाला शेवट नाही, त्याच्या स्मरणशक्तीला साजेशीच ती आहे.

हे सगळं वेचायचं तर बोललेला शब्द न् शब्द आधी कागदावर यायला हवा. सभापतींच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, जिला सगळे वेल म्हणतात, तिथल्या टेबलाशी प्रतिवेदक बसतात. पाच मिनिटं लिहितात आणि उठतात. त्यांची जागा पुढचे घेतात. गेलेले आत जाऊन आपला तुकडा तयार करायला लागतात, तोवर इकडे दुसरा तुकडा लिहून होत असतो. असं संध्याकाळपर्यंत. असंपादित इतिवृत्त उघडलं की ही साखळी डोळ्यांना दिसते. दर तुकड्याच्या डोक्यावर प्रतिवेदकांची आद्याक्षरं, तुकड्याचं चिन्ह आणि वेळ: ११.००, ११.०५, ११.१०. एखाद्या सदस्याचं वाक्य एका तुकड्यात अर्धवट राहतं आणि पुढच्यात, दुसऱ्याच आद्याक्षरांखाली, पुरं होतं. सदस्य हिंदीत सुरू करून मध्येच इंग्रजीत शिरला तर कागदावरची लिपीही मध्येच बदलते. गोंधळ झाला तिथं ठिपके आणि कंसात एकच शब्द, व्यवधान. एखाद्या पानावर चार ओळींत सात वेळा व्यवधान असतं आणि न पाहिलेला तो गलका ऐकू यायला लागतो. सभापतींनी काढून टाकायला सांगितलेल्या शब्दांच्या जागी फुली येते आणि खाली तळटीप, पीठासनाच्या आदेशानुसार वगळले. पुसलेल्या जागेचीही अशी नोंद राहते.

आणि भाषा! वर काचेआड दुभाषे बसलेले असतात. सदस्यानं आगाऊ कळवलं की तो मराठीत बोलू शकतो. काचेआडून ते हिंदी आणि इंग्रजीत जातं आणि ज्याच्या त्याच्या कानातल्या यंत्रात उतरतं. २०१८ च्या पावसाळी अधिवेशनापासून राज्यसभेत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांची ही सोय झाली. डोगरी, काश्मिरी, संथाली, सिंधी आणि कोकणी या पाच भाषा तेव्हा नव्यानं आल्या. दुभाष्याचं काम किती कठीण, ते आपल्याच वाक्यावरून पाहा. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्याही शेवटी ‘नाही’ येतं. सदस्य या विधेयकाला पाठिंबा देणार की विरोध करणार, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या दुभाष्याला तोवर थांबता येत नाही. अशा वेळी त्याला वक्त्याचा पक्ष, विषय आणि आवाजाची पट्टी यांवरून अदमास बांधत चालावं लागतं.

दुपारनंतर विधेयकं. एखाद्या विधेयकाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ते तास पक्षांना त्यांच्या संख्याबळानुसार वाटून मिळतात. मोठ्या पक्षाचा वक्ता अर्धा तास बोलू शकतो. लहान पक्षाच्या वक्त्याला उभं राहताच घंटेकडे लक्ष ठेवावं लागतं. आधी सर्वसाधारण चर्चा, मग मंत्र्याचं उत्तर, मग खंडशः विचार. खंड दोन विधेयकाचा भाग व्हावा, जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. आवाजाच्या अंदाजावर निकाल. कुणी एकानं मतविभागणी मागितली की घंटा वाजतात, लॉबीची दारं बंद होतात आणि प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं जातं. धन विधेयकाच्या बाबतीत राज्यसभेचा हात आखडता आहे: १४ दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं, त्या मानणं न मानणं लोकसभेकडे. पण घटनादुरुस्ती असेल तर दोन्ही सभागृहं बरोबरीची. तिथं एकेका मताला काय वजन येतं, ते ५ सप्टेंबर १९७० च्या दिवसानं दाखवलं.

त्या दिवशी संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मताला आलं. लोकसभेनं ते आधीच मंजूर केलं होतं. मतं पडली: बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण २२४. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश हवे होते, म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश. विधेयक एक तृतीयांश मतानं पडलं. इतकी नाजूक हार संसदेच्या इतिहासात दुसरी शोधून सापडायची नाही. पुढे काय झालं ते पाहा. सरकारनं लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबरला तो आदेश रद्द ठरवला. त्याच महिन्यात लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, १९७१ मध्ये निवडणूक झाली आणि वर्ष संपताना २६ व्या घटनादुरुस्तीनं तनखे अखेर गेले. एका दुपारी एक सदस्य जास्त ‘होय’ म्हणाला असता तर यातलं किती घडलं असतं, किती नसतं?

संध्याकाळी बाक विरळ होत जातात. गणपूर्तीला एक दशांश पुरे, म्हणजे २५ च्या आसपास. रिकाम्या बाकांची छायाचित्रं दाखवून टीका करणं सोपं आहे, आणि ती काही अंशी योग्यही आहे. पण खूपदा उत्तम भाषणं याच वेळी होतात, कारण टाळ्यांसाठी बोलावं असं समोर कुणी उरलेलं नसतं. शुक्रवारची दुपार तर खास. तेव्हाचे अडीच तास अशासकीय विधेयकं आणि ठरावांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांचे. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली, आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. तरीही सदस्य ती आणत राहतात. २४ एप्रिल २०१५ च्या शुक्रवारी तमिळनाडूच्या तिरुची सिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं आवाजी मतानं मंजूर केलं. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही. पण विषय आता झाकून ठेवण्याजोगा उरला नव्हता, आणि २०१९ मध्ये सरकारी विधेयकातून कायदा झाला. तो सिवांच्या मसुद्याइतका उदार नव्हता, हेही सांगायला हवं.

या बाकांवर कोण कोण बसून गेलं! १९५२ ची लोकसभेची निवडणूक हरल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई राज्यातून इथं आले आणि अखेरपर्यंत इथलेच सदस्य होते. राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ जणांमध्ये कधी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे होते, कधी नाटककार मामा वरेरकर, कधी पदार्थवैज्ञानिक सत्येंद्रनाथ बोस, कधी पृथ्वीराज कपूर. पुढं लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर आले. त्यांची हजेरी फार तुरळक होती आणि त्याबद्दल झालेली टीका मला रास्त वाटते.

सभागृह अमर असण्याचा विधेयकांवर काय परिणाम होतो? राज्यसभेत मांडलेलं आणि तिथंच असलेलं विधेयक लोकसभेबरोबर मरत नाही. लोकप्रतिनिधींना छोट्या कुटुंबाची अट घालू पाहणारं १९९२ सालचं घटनादुरुस्ती विधेयक तीस वर्षांनंतरही राज्यसभेच्या प्रलंबित यादीत होतं. पण राज्यसभेनं मंजूर करून लोकसभेकडे पाठवलं की विधेयक लोकसभेच्या आयुष्याला बांधलं जातं. महिला आरक्षणाचं तेच झालं. ९ मार्च २०१० रोजी, सात सदस्यांच्या निलंबनानंतर, ते राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. पुढची चार वर्षं ते लोकसभेत मंजुरीला आलंच नाही, आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा तेही संपलं.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. १९ सप्टेंबर २०२३ रोजी संसद नव्या इमारतीत भरली आणि तिसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, नवं महिला आरक्षण विधेयक राज्यसभेपुढे होतं. त्या दिवशी संध्याकाळी सहाला कामकाज थांबलं नाही. चर्चा रात्रीपर्यंत चालली आणि मतविभागणीत विरोधात एकही मत पडलं नाही. जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना झाल्यावर आरक्षण लागू होईल, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्या रात्री मत दिलेल्यांपैकी काहींची मुदत सहाच महिन्यांत, एप्रिल २०२४ मध्ये संपली. महाराष्ट्राच्याही सहा जागा तेव्हा रिकाम्या झाल्या आणि लगेच भरल्या.